खिंडारातल्या बायका

राजाची सनद आली तेव्हा गोझो बेटावरच्या किल्ल्यात घंटा घणघणल्या. चर्चच्या पायरीवर उभं राहून पंच लान्साने ती वाचली. पडका तट बांधून काढावा, त्यासाठी दारूवरची जकात बेटानेच ठेवावी. कमी पडलं तर चाच्यांनी ट्युनिसला नेलेले कैदी सोडवायला जमवलेला निधीही वापरावा.

लोकांनी टोप्या उडवल्या. इम्पेरियाच्या अंगाची मात्र लाही लाही झाली. तिच्या नवऱ्याला, मातेऊला, चाच्यांनी भर समुद्रातून पळवलं होतं. तेव्हापासून कापूस कातून कातून तिची बोटं सोलवटली होती, आणि ती सगळी कमाई त्या निधीत गेली होती.

"पंच, तो पैसा आमच्या माणसांचा आहे!" ती गर्दीतून ओरडली.

"बाई, तट धड नाही म्हणून तर हे चाचे सोकावले."

"मातेऊ मासे धरायला गेला होता. तुमचा तट काय होडीत घालून नेणार होता?"

लोक हसले. लान्सा हसला नाही. "उद्या ते किल्ल्यात शिरले तर सगळं बेट जाईल. मूठभर माणसांसाठी सगळ्यांना मारू?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच तिचं डोकं आणखी भडकलं.

उत्तरेचं एक खिंडार सोडून बाकी तट उभा राहिला. एका सकाळी गवंडी चुना घेऊन आले, तर खिंडारात इम्पेरिया बसलेली. शेजारी म्हातारी नुझा, गारिता, आणि ज्यांची ज्यांची माणसं कैदेत होती त्या सगळ्या.

"उठा गं बायांनो," मुख्य गवंडी म्हणाला.

"आमच्यावरूनच चिणा की," गारिता म्हणाली. "तट भक्कम होईल!"

गवंड्याने थापी खाली ठेवली आणि भाकरीचं फडकं सोडून तो खायला बसला. लान्साने धमक्या दिल्या, पाद्रीबाबांना आणलं. बायका हलल्या नाहीत. उघड्या खिंडाराच्या धास्तीने गावकरी उलटे लान्सालाच शिव्या घालू लागले. शेवटी तो नरमला.

"वेशीवर बसवायला संगमरवरी राजचिन्ह मागवलंय, ते रद्द करतो. त्यात एक माणूस सुटेल."

"एकच?"

"एकच. कोण, ते तुम्ही ठरवा."

इम्पेरिया ताडकन उठली. "अरे भेकडा! आम्हाला लुटलंस ते लुटलंस, वर एकमेकींच्या उरावर बसवतोस? तुझा लेक तिकडे असता तर ठरवलं असतंस?"

लान्साने मान खाली घातली. बायकांमध्येही कुणी कुणाकडे बघेना. नुझाचा मुलगा तिकडे रक्त ओकतो, हे सुटून आलेल्या एका खलाशाने सांगितलं होतं. नुझा मात्र तोंडातून अक्षर काढत नव्हती.

"नुझाचा पोरगा आणा," इम्पेरिया म्हणाली, आणि तरातरा घरी निघून गेली.

खिंडार बुजलं. नुझाचा मुलगा आला, आईच्या हातची पेज पिऊन हळूहळू सावरला. मातेऊ आला नाही. लान्सा वाटेत भेटला तर इम्पेरिया बाजूला होत नसे. तोच भिंतीला अंग चोरून उभा राहायचा, आणि ती त्याच्या तोंडावर म्हणायची, "झोप लागते ना रे?"