खुर्चीतला मामा

"बंद कर ते, नरहरी. लाज आहे का काही तुले?"

रायपूरच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष शालिग्रामजी मुठाळ अंधारात बोलले, पण शब्द सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेले. पडद्यावर एका लग्नघरातला म्हातारा मामा ओसरीवरच्या खुर्चीत मरून बसला होता. घरच्यांनी त्याला काळा चष्मा घालून शाल पांघरली होती, आणि वरपक्षाची माणसं एकामागून एक येऊन त्याच्या पाया पडत होती. नरहरीने बटण दाबलं. दिवे लागले, तशा सगळ्या माना मागे वळल्या.

पहिल्या रांगेत इंदूवहिनी बसल्या होत्या. पदर तोंडात घट्ट कोंबलेला आणि खांदे नुसते गदगदत होते. त्यांचे यजमान नीलकंठ लांबे जाऊन अजून महिनासुद्धा झाला नव्हता.

"मले माहीत नव्हतं जी, असा असंल म्हणून," नरहरी सगळ्यांसमोर म्हणाला. "रहस्यपट समजूनच आणला मी."

शालिग्रामजींच्या पत्नी गोदावरीबाई इंदूवहिनींना धरून बाहेर घेऊन गेल्या. जाताना त्यांनी नरहरीकडे असं पाहिलं, की त्याला आपल्या पायातल्या चपलासुद्धा नकोशा झाल्या. मग कुणीतरी भजनांची सीडी लावली आणि मंडळी चहाकडे वळली.

माहीत नव्हतं म्हणे! त्या सिनेमातला एकेक प्रसंग नरहरीला पाठ होता. दिग्दर्शक रहस्यपटांचा बादशहा. त्याच्या नावावर थिएटरं भरायची. त्याने आयुष्यात एकदाच हा असला सिनेमा काढला आणि तो साफ झोपला. लोक खुनी कोण ते बघायला आले, आणि इथे खूनच नव्हता. लग्नाच्या सकाळी मामा आपल्या मरणाने मरतो. सांगावं तर सुतक येणार, मुहूर्त टळणार. म्हणून घरचे त्याला दिवसभर जिवंत ठेवतात, एवढीच गोष्ट. रायपूरच्या टॉकीजमध्ये मध्यंतरापर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. कॉलेजातले दोन मित्र मात्र एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होते. एक नरहरी आणि दुसरा नीलकंठ. पुढे जन्मभर कुठल्याही लग्नात भेटले की नीलकंठ हळूच विचारायचा, "मामाले नमस्कार केला का बे?"

त्याची सीडी दोघेही वर्षानुवर्षं शोधत होते. ती नागपूरला, सीताबर्डीच्या एका दुकानात सापडली, तेव्हा नीलकंठ नव्हता. नरहरीने ती मंडळाच्या महिन्याच्या सिनेमाला ठेवली. आपल्या मित्राला ही खरी श्रद्धांजली, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. स्वतःची हौस माणूस किती चटकन दुसऱ्याच्या नावावर लावतो!

कारण मंडळाची रीत त्याला ठाऊक होती. दिवस-वार झाले की दुखवट्याच्या घरातल्या माणसाला चारचौघांनी हाताला धरून बाहेर काढायचं. आधी देवळात न्यायचं, मग मंडळाच्या पहिल्या कार्यक्रमाला. इंदूवहिनींना संध्याकाळी आणणार असल्याचं गोदावरीबाईंनी त्याला सकाळीच सांगितलं होतं. दुसरी सीडी लावायला अख्खा दिवस हाताशी होता. त्याने लावली नाही.

यानंतर त्याने समता कॉलोनीचा, इंदूवहिनींच्या घरावरून जाणारा रस्ताच सोडला. पुरानी बस्तीतल्या घरून निघायचं आणि वाकडी वाट करून मंत्रालयात पोचायचं. राज्य नवं, राजधानी नवी, पण मंत्रालय जुन्या इस्पितळाच्या इमारतीत थाटलेलं. भोपाळहून आलेल्या फायली वॉर्डात रचून ठेवल्या होत्या आणि नरहरीचं टेबल होतं तिथे पूर्वी रोगी झोपत. एरवी यावर तो दिवसभर कोट्या करायचा. आता गप्प बसून असायचा. एका विधवेला आपण भर सभेत रडवलं, याची लाज होतीच. तिच्या तळाशी आणखी एक लाज होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. नीलकंठाबरोबर जन्मभर जपलेल्या गोष्टीची शालिग्रामजींच्या एका आवाजासरशी आपण ओळखसुद्धा दाखवली नाही.

शेवटी इंदूवहिनींच्या सुनेचा, राधिकाचा, ऑफिसात फोन आला. "काका, मम्मी ने बुलाया है." आता सुटका नव्हती.

वहिनी पडवीत बसल्या होत्या. शेजारी नीलकंठाची वेताची खुर्ची रिकामीच होती. राधिका पाणी देऊन चहा टाकायला आत गेली. नरहरीने वाटेत घोकलेली माफी मागायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"वहिनी, मले माहीत होता तो सिनेमा. मी खोटं बोललो."

"मले काय माहीत नव्हतं?" वहिनी रिकाम्या खुर्चीकडे बोट करून म्हणाल्या. "यायनं मले शंभर वेळा सांगितला असंल तो. पण अर्धाच. पुढचं सांगतानी यायले असं हसू यायचं, का बोलताच यायचं नाही. शेवट मले कधी कळलाच नाही. म्हणून तर आली होती मी त्या दिवशी."

नरहरीने चाचरत विचारलं, "मंग तुमी त्या दिवशी रडून नव्हत्या राहिल्या?"

वहिनींनी आत स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि आवाज उतरवला.

"हे गेले ना, त्या सकाळची गोष्ट सांगतो. कोणालेच सांगितली नाही मी. हे याच खुर्चीत गेले. डॉक्टर पाहून गेले होते, पोरगा पियुष अन् राधिका पुण्याले, त्यायले फोन झाला होता, अजून कोणी आलं नव्हतं. तेवढ्यात गॅसवाला आला. यायले पाहून त्यानं हात जोडले. म्हणे, बाबूजी, आप आराम करो, सिलेंडर मैं अंदर रख देता हूँ. अन् मी काही बोललीच नाही, भाऊजी. माह्या मनात आलं, याले सांगितलं अन् हा घाबरून सिलेंडर वापस घेऊन गेला, तर आता घरभर माणसं येतीन, त्यायचा चहा कशावर करू?"

त्यांनी खुर्चीच्या वेतावरून हात फिरवला.

"तो गेला अन् मले हसू आलं. यायच्यासमोर. दाबता दाबेना. तेव्हापासून मले माह्यीच शरम वाटून राहिली होती. वाटे, कशी बाई आहे मी. अन् मंग तुमच्या पडद्यावर तो मामा बसला. लोक पाया पडून राहिले त्याच्या. मले वाटलं, चला, म्हणजे जगात मी एकटीच नाही. तेवढ्यात तुमी बंद केलं."

गेले पंधरा दिवस ज्या पापाची नरहरी लाज बाळगत होता ते त्याने केलंच नव्हतं, आणि जे केलं होतं ते ह्या बाईने चार शब्दांत पदरात टाकलं होतं. इतकी शरम त्याला शालिग्रामजींपुढेही वाटली नव्हती.

"मंग?" वहिनी म्हणाल्या. "काय होते मामाचं?"

सीडी शालिग्रामजींनी ठेवून घेतली होती. नरहरी उठला. वेताच्या खुर्चीपाशी क्षणभर थांबला. वहिनींनी मान हलवली, तसा तो नीलकंठाच्या खुर्चीत बसला. वहिनींनी खुंटीवरची शाल काढून त्याच्या खांद्यावर घातली.

बसल्या बसल्या तो सांगू लागला. वीस वर्षांचा वैरी मामाशेजारी बसून सगळी भांडणं उकरतो, मामा हूं का चूं करत नाही, तेव्हा गहिवरून म्हणतो, तुझ्याएवढ्या मोठ्या मनाचा माणूस पाहिला नाही. नवरी सासरी जाते. पाहुणे पांगतात. घरचे दार लावून घेतात, आता मोकळेपणी रडायचं म्हणून मामाभोवती बसतात, आणि दिवसभराच्या धावपळीने इतके दमलेले असतात, की बसल्या जागी एकेक जण घोरायला लागतो. घरात जागा तेवढा मामा, घसरलेल्या चष्म्यावरून उघड्या डोळ्यांनी.

"असा," असं म्हणून नरहरीने मान कलती टाकली आणि डोळे विस्फारले.

वहिनी हसल्या. आधी नुसता श्वास फुटला, मग पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. पदर या वेळी खांद्यावरच राहिला.

राधिका चहाचा ट्रे घेऊन दारात आली आणि तिथेच खिळली. सासऱ्यांची खुर्ची, सासऱ्यांची शाल, आणि हसणारी सासू. "मम्मी?" ती म्हणाली. "ये क्या हो रहा है?"

नरहरीच्या कानापर्यंत लाज चढली. उठावं, शाल घडी घालून ठेवावी आणि काहीतरी थाप मारावी, असं त्याला वाटलं. पण तो उठला नाही. मान तशीच कलती ठेवून, डोळे उघडे ठेवून तो बसून राहिला, वहिनींचं हसून होईपर्यंत.