मोहर शाबूत

निंबखेडीच्या बाळंतिणीच्या खोलीत सोमवारी, एकोणीस नोव्हेंबर एकोणीसशे छप्पनला, दुपारी जयवंताला मुलगी झाली. ही गोष्ट घडलेली नाही. खोलीला त्या दिवशी कुलूप होतं, कुलपावर लाखेची मोहर होती, आणि मोहर शाबूत असल्याचा पंचनामा आहे. तेव्हा मुलगी झालीच नाही असं धरून पुढे जायचं.

तर, सकाळी साडेनऊला ग्रामपंचायतीचे सेक्रेटरी मोरेश्वर मोहरेवरची धूळ फुंकून काढत होते, तेवढ्यात मागे छकडा थांबला. छकड्यात जयवंता आडवी, तिच्या उशाशी मनकर्णा सुईण, पुढे कासरा धरून नवरा चिंधू. शाळेतून नलिनीबाई हातातला खडू न ठेवताच धावत आल्या. त्या गावच्या महिला मंडळाच्या चिटणीस.

"भाऊ, खोली उघडा."

"खोली बंद आहे, बाई."

"ते दिसून राहिलं मले. काऊन बंद आहे?"

मोरेश्वरांनी खिशातून परिपत्रक काढलं. खोली पंचायतीची, खाटा आणि सुईण मंडळाची, असा करार दोन वर्षं बिनबोभाट चालला होता. पण मंडळाची नोंदणी नागपूरची. आणि एक तारखेपासून नागपूर मुंबई राज्यात गेलं होतं. निंबखेडी, सौंसर, पांढुर्णा मध्यप्रदेशातच राहिली होती. राज्याबाहेरच्या संस्थांशी झालेले करार नव्या मंजुरीपर्यंत स्थगित, असं परिपत्रक म्हणत होतं.

"म्हंजे आम्ही परराज्यातल्या?"

"तुम्ही नाही. मंडळ."

"मंडळात आम्ही अकरा बाया. अकराच्या अकरा याच गावात राहतो."

"बाया म्हणून इथं. मंडळ म्हणून तिकडं."

"मग मी आत्ता कुठं उभी आहो?"

मोरेश्वरांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग परिपत्रकाकडे. त्यात तेवढं दिलेलं नव्हतं.

"राज्याचं मंग पाहा बाप्पा," छकड्यातून मनकर्णा म्हणाली. "पोरीले कळा सुटल्या."

चिंधूचं घर तीन कोसांवर, वावरात. तिथेच जयवंताचं पहिलं मूल अडून गेलं होतं. म्हणून या खेपेला सातव्या महिन्यातच तिनं खोली पाहून ठेवली होती, खाटेवर बसून, उठून, पुन्हा बसून. गावात दुसरीकडे नेण्यासारखं नव्हतं. परक्या बाळंतिणीचा दहा दिवसांचा विटाळ कोण घरात घेणार? तरी नलिनीबाई आपल्या घरमालकाला विचारून आल्या. त्यानं आधी देवघराचं दार लावलं, मग बाहेरचं.

मोरेश्वर वाईट माणूस नव्हते. नव्या राज्यात कोणाची नोकरी राहते याची यादी अजून यायची होती, एवढंच. त्यांनी वरच्या कचेरीला अर्ज लिहिला, 'तातडीचे' या शब्दाखाली पट्टीनं दोन रेघा मारल्या आणि तो सौंसरच्या बसच्या कंडक्टरजवळ दिला. अडीचच्या बसनं उत्तर येईल, म्हणाले.

तोवर पंचायतीच्या पडवीत चार लुगडी बांधून आडोसा केला. दाखल्यांसाठी लोक येत होते आणि आडोशाकडे पाठ करून, अदबीनं उभे राहत होते. एक म्हातारा तर हळू आवाजात वळूची तक्रार सांगून गेला. जयवंता ओरडत नव्हती. पदराचा बोळा दातांत धरून होती.

बाराच्या सुमारास मनकर्णा बाहेर आली.

"कळा बसून राहिल्या. लाजेनं आकसली पोर. लुगड्याच्या पल्याड बाप्ये खोकून राहिले, अल्याड ही. अशी मोकळी होईन काय ते?"

मोरेश्वरांनी शाईची दौत उघडली, बंद केली. तीनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले.

अडीचची बस अडीचलाच आली. कंडक्टरनं तोच अर्ज परत दिला.

"साहेब म्हणे, आमीच कोनाले विचारावं ते भोपाळले विचारून राहिलो."

मोरेश्वरांनी अर्जाची घडी करून खिशात ठेवली. मग आत गेले आणि पेचकस घेऊन आले.

"कुलपाले हात लावू नको," ते चिंधूला म्हणाले. "बिजागऱ्यांबद्दल काही लिहिलं नाही."

बिजागऱ्यांचे पेच सोडवल्यावर दोन्ही फळ्या, मधली कडी, कुलूप आणि लाख, सगळं एकसंध चौकटीतून निघालं. चिंधूनं ते उचलून भिंतीला टेकवलं. तीन वाजले होते.

मुलगी साडेतीनला झाली. निळसर होती. मनकर्णानं तिला उलटं धरून पाठीवर थापटलं, तोंडात फुंकर घातली. ती एकदा रडली. नलिनीबाईंनी ऐकलं, पडवीतून मोरेश्वरांनीही ऐकलं. दिवेलागणीच्या आत ती गेली.

दुसऱ्या दिवशी दार पुन्हा बसवलं. तीन पंचांनी वाकून मोहर पाहिली आणि सह्या केल्या. ते गेल्यावर चिंधू आला.

"साहेब, मयत लिहा."

"जन्म लिहिलेला नाही, चिंधू. जन्म नसला तर मयत लिहिता येत नाही."

"मंग जन्म लिहा."

"ठिकाण काय लिहू?"

चिंधूनं बोटानं बंद दार दाखवलं. मोरेश्वरांनी लेखणी रजिस्टरवर धरली आणि तशीच उचलली. चिंधू जायला निघाला, पायरीवर थांबला.

"एक इचारू, साहेब? सकाळी ते पेच नव्हते काय त्या दाराले?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं.

तो गेल्यावर मोरेश्वरांनी रजिस्टर मिटलं. कोरा कागद घेतला, वर वरच्या कचेरीचा पत्ता लिहिला आणि सुवाच्य अक्षरात पुढे लिहिलं:

"विषय: वेळ परत मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, या पंचायतीच्या सेक्रेटरीस जी गोष्ट दुपारी तीन वाजता सुचली, ती सकाळीही सुचण्यास कोणतीच अडचण नव्हती. आवश्यक तो पेचकस पंचायतीकडे उपलब्ध होता व आहे. तरी दिनांक १९ नोव्हेंबर १९५६ रोजीची सकाळी साडेनऊ ते दुपारी तीन ही वेळ या पंचायतीस पुन्हा एकवार मंजूर करण्यात यावी, ही विनंती."