भिंतीवरची लाल खूण

"हलू नकोस. हललीस की हरीण पळून जाईल."

ताईने हेडफोन कानांवरून ओढून काढला, क्षणभर हातात धरला आणि पुन्हा चढवला. आईचं हे वाक्य शेवटचं ऐकलं त्याला एक जन्म लोटला होता. वीज गेलेली, मेणबत्ती लावलेली, धाकटा मांडीवर पेंगुळलेला, आणि भिंतीवर आईच्या बोटांचं हरीण. कान टवकारणारं, गवत हुंगणारं. ताईने आयुष्यात पाहिलेला पहिला सिनेमा तो. तेच वाक्य आता संगणकातून येत होतं आणि ते तिथे असायला नको होतं.

सकाळपासून बहीणभाऊ खिडकीचा प्रसंग शोधत होते. परगावी निघालेल्या मुलाकडे त्याची आई खिडकीतून बघत राहते, एवढाच तो प्रसंग. पण सगळा सिनेमा त्या बघण्याच्या आधारावर उभा होता. ताईने हौसेने त्यात आपल्या आईलाच उभं केलं होतं, आणि कॅमेरा धाकट्याच्या हाती दिला होता.

मेमरी कार्डावर तो प्रसंग नव्हता. जमीन होती, चहाचे कप होते, ऊन परतवायचा थर्माकोलचा पांढरा तक्ता काखेत मारून इकडून तिकडे जाणारे पाय होते. प्रत्येक तुकडा ताईच्या "कट"ने सुरू व्हायचा आणि तिच्याच "ॲक्शन"ने संपायचा.

धाकट्याने कपाळावर हात मारला.

"उलटं झालं, ताई. त्या दिवशी सकाळी कधीतरी बटण एकदा जास्त दाबलं गेलं. मग मी चालू म्हणून दाबायचो तेव्हा बंद, नि बंद म्हणून दाबायचो तेव्हा चालू. अख्खा दिवस."

"आणि दिवा? चालू असताना लाल दिवा लागतो ना पुढे?"

तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तूच काळी पट्टी लावायला सांगितलीस. खिडकीच्या काचेत दिसत होता म्हणून."

"स्क्रीनवर तरी दिसत असेल, गाढवा!"

"तिथली अक्षरं मी काढून टाकली होती. फोकस नीट दिसावा म्हणून." मग त्याने उगाचच हसून पाहिलं. "तुझा सिनेमा जिथं संपतो ना, तिथं माझा सुरू होतो."

ताई हसली नाही. खिडकीचं ते घर गेल्याच आठवड्यात पाडलं होतं. दोघांनी जाऊन पाहिलं, तेव्हा चौकट विटांच्या ढिगावर उताणी पडली होती आणि तिच्यातून आभाळ दिसत होतं. आणि आई तर त्या चित्रीकरणानंतर घराबाहेरच पडली नव्हती. दमले गं, म्हणायची. अजून थोडी दमले.

"तो हरणाचा तुकडा पुन्हा लाव," धाकटा म्हणाला.

तिने लावला. दोघांना ऐकू यावं म्हणून हेडफोनची वायरही काढून टाकली.

सुरुवातीला ताईचाच आवाज. "कट! आई, किती वेळा सांगायचं? नजर त्या खुणेवर ठेव. भिंतीवर लाल पट्टीचा एवढा मोठा तुकडा चिकटवलाय. एवढंही जमू नये?"

"जमवते गं. चिडू नकोस."

"चला, चहा घेऊ. निदान चहा तरी जमेल सगळ्यांना."

कुणीतरी हसलं. पावलं लांब गेली. कॅमेरा तिवईवर तसाच खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, सगळ्यांच्या मते झोपलेला.

आई एकटी राहिली. थोडा वेळ तिने बाहेरच्या आवाजाचा कानोसा घेतला. मग ती चित्राच्या चौकटीबाहेर, दाराशी गेली आणि तिथून परत आली. तळहात भिंतीला लावून, भिंत जणू झोपलेलं लेकरू आहे अशी हलकेच थोपटत. खिडकीपाशी आल्यावर तिने चप्पल काढली आणि अनवाणी पाऊल जमिनीवर फिरवत राहिली. जिथे उभं राहायचं तिथे चिकटवलेली पट्टी अंगठ्याला लागली, तशी ती थांबली. पदर नीट केला. चेहरा खिडकीकडे वळवला, पण थोडा जास्तच वळला. तिने तो सावकाश मागे आणला, आणखी थोडा, आणि गालावर ऊन आलं तिथे ठेवून दिला.

"हलू नकोस," ती स्वतःलाच म्हणाली. "हललीस की हरीण पळून जाईल."

ती पुन्हा दाराशी गेली. पुन्हा भिंत, पुन्हा पाऊल, पुन्हा ऊन. तिसऱ्यांदा ती भिंतीला हात न लावता आली. कुणी म्हणेल, खिडकीची ओढ लागलेली बाई आहे.

मग पावलं परतली. तिवई जराशी हलली. ताईचा आवाज आला, "ॲक्शन," आणि चित्र विझलं.



"तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं," धाकटा हळू आवाजात म्हणाला. "जमिनीवरची पट्टी जाड लाव म्हणाली. दोन-तीन पदर. मला वाटलं, पाय घसरायची भीती वाटत असेल."

ताईने चित्र मागे नेलं आणि भिंतीवरच्या तळहातापाशी थांबवलं.

"हाच शॉट घेऊ या की," धाकटा म्हणाला. " कडेचा थर्माकोल कापता येईल."

"तिला मुलगा जाताना दिसायला हवा, रे," ताई म्हणाली. आणि उठली.

आई आतल्या खोलीत मटार सोलत बसली होती. दिवा लावलेला नव्हता. शेंगेच्या शिरेवर अंगठा फिरायचा, शेंग उघडायची, दाणे बरोबर पातेल्यात पडायचे. ताई उंबऱ्यात उभी राहून बघत राहिली. हे हात ती रोज बघत होती.

"कोण, तू का?" आई म्हणाली. "झालं का तुमचं जोडकाम? शेजारच्या बाईंना सांगून ठेवलंय मी, सगळ्यांनी पुढच्या रांगेत बसायचं म्हणून. आणि खरं सांग हं, कशी दिसते मी?"

चित्रीकरणापासून हा प्रश्न रोज यायचा. ताई रोज म्हणायची, छान. आज ती खाली बसली आणि सोललेल्या सालांच्या ढिगात बोटं खुपसून तिथेच राहू दिली.

"दिसत नाहीस, आई. काहीच आलं नाही. कॅमेरा बंद होता. खिडकी गेली. आता पुन्हाही काही करता येणार नाही."

आईचे हात थांबले. एक दाणा निसटला, टपटपत कोपऱ्यापर्यंत गेला. आईचा चेहरा त्याच्यामागे वळला, पण थोडा जास्तच वळला.

मग हात पुढे करून तिने ताईचा गुडघा शोधला.

"डॉक्टर म्हणाले होते, गेलेली नजर परत यायची नाही. म्हटलं, तुझा सिनेमा होऊन जाऊ दे, मग सांगू." तिने ताईच्या गुडघ्यावर थोपटलं. "ती लाल खूण, बाळा... भिंतीवर होती तरी कुठे गं?"