माझ्या नाकातली खुंटी

मित्रांनो, भवानी पेठेतल्या एका न्हाणीघरात भिंतीला पाठ टेकून बसलेला मी एक जुना गिझर आहे. माझ्या पोटात तांब्याची टाकी आहे आणि खाली एक छोटी झडप. पाणी तापलं की फुगतं. त्याने पोटातला दाब फार वाढला, तर ही झडप थोडं पाणी बाहेर सोडते. मी तिला माझं नाक म्हणतो.

अपेक्षाचा जन्म झाला तेव्हा तिच्या वडिलांनी, पृथ्वीराजदादांनी, मला घरी आणलं. करकंबहून आलेल्या त्यांच्या आई बजाबाई माझ्याभोवती दोनदा फिरल्या. "जाळ न्हाय, धूर न्हाय, आन् पानी कडत? लई गुणाचं हाय की!" नातीची घरातली पहिली अंघोळ माझ्याच पाण्याने झाली. एवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही. रोज गरम पाणी देणाऱ्याकडे कोण वर बघतं?

यंदा अपेक्षा बाळंतपणाला माहेरी आली. तिला मुलगी झाली. नळाची धार जोरात यावी म्हणून दादांनी गच्चीवरच्या टाकीला पंप बसवला. पंपाचा जोर आणि पाण्याचं फुगणं, दोन्ही माझ्या पोटात एकत्र आले. माझं नाक ठिबकू लागलं.

"म्हातारा झालाय," दादा म्हणाले. "बारसं होऊ दे, मग भंगारात देऊ."

मला वाईट वाटलं. या बाळाच्याही अंघोळी माझ्याच पाण्याने होत राहाव्यात, एवढीच माझी इच्छा होती.

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. थेंब सांडलेला बजाबाईंना कसा सोसावा? त्यांनी बाभळीची खुंटी तासली, चिंधी गुंडाळली आणि वरवंट्याने माझ्या नाकात ठोकली. "आता गळ बघू!"

गळणं थांबलं. घर खूश झालं. मी मात्र आतून कण्हू लागलो.

बारशाच्या सकाळी बाळाला घेऊन अपेक्षा न्हाणीत आली. माझी करकर ऐकून तिने वर पाहिलं आणि आधी बटण बंद केलं.

"आज्जी, ही खुंटी कुणी मारली?"

"मीच! पानी वाचवलं की."

"कुकरची शिट्टी दाबून धरली तर काय होईल?"

"झाकान आढ्याला जाईल."

"मग हे?"

बजाबाईंनी खुंटीकडे पाहिलं, मग पणतीकडे. "आगं बया! आन् पोरगी हितंच की!"

बाळाला बाहेर नेऊन अपेक्षाने दारातूनच हात लांबवून गरम पाण्याचा नळ सोडला. फुस्स करून दाब उतरला. काय सुख वाटलं म्हणून सांगू!

प्लंबर नंदीश आला. त्याने मला तपासलं, पंपाचा दाब कमी केला, झडप नवी घातली. "गिझर ठणठणीत हाय, आज्जी. तुमची खुंटी मातर लई पक्की. काढताना घाम फुटला!"

"मग! माळावरची बाभळ हाय ती," बजाबाई म्हणाल्या आणि स्वतःच हसत सुटल्या.

बारसं थोडं उशिरा झालं, पण बाळ माझ्याच पाण्याने न्हालं, आणि भंगाराचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मित्रांनो, घरात काही ठिबकत असेल, तर त्याचं तोंड बंद करण्याआधी ते का ठिबकतंय हे विचारा. माझ्या नाकाखाली आता बादली असते. त्या पाण्यावर दारातला मोगरा वाढतो आहे. एखादा थेंब टपकला की बजाबाई मान वर करून म्हणतात, "शिंक बाबा, खुशाल शिंक!"