म्हशीचं मुसकं

"कोनाला पटनार न्हाय मॅडम, पन घडलं तसंच सांगतो," म्हणत पंढरीने बोंबीलला स्टीलच्या टेबलावर ठेवलं. कुत्र्याचे चारही पाय थरथरत होते आणि तोंडातून लाळेची तार लोंबत होती. "खाडीच्या बांधावर नाग आला. मिशीवाला. आमचा ह्यो त्याच्यासमोर जाऊन बसला. दोघं दुपारभर एकमेकांकडं बगत व्हते. शेवटी नागानं हार खाल्ली, पन जाता जाता फुंकला."

डॉ. भाग्यश्रीने बोंबीलची पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

"चावला कुठे?"

"चावला न्हाय. नुसता फुंकला."

"बाबा, रिक्षात त्या नागाला मिशी नव्हती," दाराशी उभी असलेली जागृती म्हणाली. ती पंढरीची सून. अंजूरहून फाट्यावरच्या या दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यात तिने ती गोष्ट दोनदा ऐकली होती आणि रिक्षावाल्याने एकदा विश्वासही ठेवला होता.

भाग्यश्रीने कुत्र्याच्या मानेच्या केसांत नाक घातलं आणि लगेच मागे घेतलं. रॉकेलसारखा उग्र वास होता.

"काका, याच्या अंगाला काय लावलंय?"

"लावायचं काय? हा, गोदामात गेलावता परवा. तिथल्या मशिनीनं पार्सल समजून ह्याच्या पाठीवर स्टिकर मारला. गेला डायरेक सुरतेला. तिकडच्यांनी पत्ता बगितला, परत धाडला. तवापासनं कापतोय."

"काका."

"स्टिकर दाखवला असता, पन त्यानं खाल्ला."

भाग्यश्रीने हातमोजे ओढून चढवले. सकाळपासून तिने एका मांजरीच्या मालकाला आणि दोन बकऱ्यांच्या मालकांना हेच विचारलं होतं, आणि कुणीही एका वाक्यात उत्तर दिलं नव्हतं.

"हे बघा, हे विष आहे. कसलं, किती, पोटात गेलंय की नाही, हे कळलं नाही तर मी नुसता अंदाज करायचा. अंदाज चुकला तर कुत्रं हातचं जाईल. नाग नको, सुरत नको. काय लावलं?"

भिंतीकडच्या बाकावर पंढरीची थोरली बहीण आक्का बसली होती. उकाडा असूनही तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते. बोंबील तिचाच. जाळ्यात आलेल्या बोंबलासारखं लिबलिबीत पिल्लू तिला बांधावर सापडलं होतं, त्यावरून हे नाव.

"आत्या, तुम्ही दिवसभर घरी होतात ना?" जागृती तिच्याकडे वळली. "तुम्हाला काहीच दिसलं नाही? परवा गॅस उघडा राहिला, तेव्हाही दिसला नव्हता. काल्हेरच्या नव्या फ्लॅटवर राहायला गेल्यावर मी किचनला कुलूप लावून ड्युटीला जाऊ का? सांगा तसं."

आक्काने पदर हातांवर आणखी ओढून घेतला.

पंढरीने खाकरून घसा साफ केला. नागाच्या वेळी वर गेलेले त्याचे हात आता टेबलाच्या कडेवर होते.

"मी लावलं," तो म्हणाला. "म्हशीचं गोचिडाचं औषध. बाटली गोठ्यात व्हती."

जागृतीने कपाळावर हात मारला. "मी गोचीड काढा म्हणाले होते बाबा. गोचीड असलेलं कुत्रं फ्लॅटात येणार नाही, एवढंच म्हणाले होते."

"किती लावलं?" भाग्यश्रीने विचारलं.

"एक झाकन. बादलीभर पान्यात कालवलं. म्हशीला लावायचो तसंच. अंग सुकंपरयंत मुसकं बांधून ठेवलं. चाटलं न्हाय."

म्हैस होती तेव्हा घरात हीच रीत होती. औषध पाण्यात कालवायचं काम पंढरीचं. लावून झालं की म्हशीने अंग चाटू नये म्हणून तिच्या तोंडाला काथ्याचं मुसकं बांधायचं आणि अंग सुकेपर्यंत शेजारी बसायचं, हे काम आक्काचं. जमीन गोदामाला गेली, म्हैस गेली. मुसकं आणि बाटली गोठ्याच्या खुंटीवर राहिली.

भाग्यश्रीला हायसं वाटलं. पहिल्यांदाच या माणसाने वर न बघता, हातवारे न करता सरळ उत्तर दिलं होतं. तिने त्या बेताने इंजेक्शन भरलं, टोचलं, आणि भांडी घासायच्या साबणाने बोंबीलला मागच्या मोरीत धुवायला घेतलं. पंढरीने शर्ट भिजेपर्यंत पाणी ओतलं. जागृतीने चिडचिडत का होईना, टॉवेल धरला.

पुसून परत टेबलावर ठेवलं, तरी थरथर थांबली नाही. उलट आता मानही झटके देऊ लागली. भाग्यश्रीने पुन्हा पापणी वर केली.

"पातळ केलेल्या एका झाकणाने एवढं होत नाही," ती म्हणाली. "नक्की बादलीत घातलं होतं?"

"हो."

"आणि चाटलं नाही?"

"सांगितलं ना मॅडम. मुसकं व्हतं."

"खोटं."

आवाज बाकावरून आला. आक्का उठली होती. टेबलाजवळ येऊन तिने पदराखालचे हात बाहेर काढले आणि बोंबीलच्या डोक्यावर ठेवले. रॉकेलचा तोच वास पुन्हा आला.

"म्हशीच्या मुसक्यात ह्याचं सगलं डोकं गेलं असतं, पाय पन," ती म्हणाली. "कसलं मुसकं नि कसली बादली. मी फडक्यावर ओतलं, बाटली संपंपरयंत. पानी पंढरीच घालायचा, मना ठावंच नव्हतं. नि ह्याचं तोंड हातात धरून बसलेली. मंग माझाच डोला लागला. उठले तं ह्यो पोट चाटत व्हता."

भाग्यश्रीने पुढचं ऐकायला न थांबता इंजेक्शनची दुसरी बाटली फोडली होती आणि डाव्या हाताने पोटात घालायची नळी शोधत होती. टॉवेल हातात धरून जागृती आक्काकडे बघत होती.

"आक्का, तू बस," पंढरी पुटपुटला. "तुला कुठं आठवतंय. मीच..."

"गप रे. नाग सांगितलास, सुरत सांगितलीस, तवा मी बोलले का?" तिने कुत्र्याच्या डोक्यावरचे हात उचलले नाहीत. "डॉक्टर, ह्यो एवढं साधं कवाच बोलत न्हाय. तवाच वलखायचं व्हतं."