जप करणारे मासे

सूर्य उगवायच्या आत ओढ्याच्या काठावर पाय ठेवायला जागा उरत नसे. शहरातल्या वेस्ट मांबलमहून भाड्याच्या व्हॅन येत, अड्यारहून मोटारी येत, आणि श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांत रात्रपाळी करून परतणाऱ्यांच्या कंपनीच्या बसगाड्याही जरा वेळ थांबत. लोक रस्त्याकडेला चपला काढत, हातात दुधाची पिशवी आणि केळी घेऊन उतारावर रांग लावत. उजेड फुटला की मत्स्यानंद स्वामी गुडघाभर पाण्यात उतरत, दोन्ही हात वर करत आणि ‘नारायणा’ अशी लांबलचक हाळी देत. बघावे तो समोर पाण्याबाहेर शेकडो तोंडे.

यात खोटे काही नव्हते. मी स्वतः पाहिले आहे. तळहाताएवढे मासे तिरके उभे राहून पाण्याच्या पृष्ठभागाला ओठ लावायचे आणि तोंड उघडायचे, मिटायचे, पुन्हा उघडायचे. शेकडो तोंडे, एकच ताल. रांगेतल्या बायका डोळे पुसत. पुरुष फोन वर धरत.

स्वामी तमिळमध्ये बोलत. मी मराठीत सांगतो. हे मासे पूर्वजन्मीचे वेदपाठी ब्राह्मण. एक स्वर चुकला म्हणून मत्स्ययोनीत आले. स्वामींची हाक ऐकली की त्यांना पूर्वजन्म आठवतो आणि ते नामजप सुरू करतात. ऊन चढले की जप संपतो आणि ते विश्रांतीला तळाशी जातात. मध्येच एखादा मासा पोट वर करून तरंगू लागला, तर त्याचा जप पूर्ण होऊन तो वैकुंठाला निघाला, असे समजायचे. अशा भाग्यवान माशाला फुलांखाली झाकून निर्माल्याच्या टोपलीतून मानाने नेले जाई.

आम्हा तंजावरी मराठी लोकांना, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्यांना, हे फार पटले. त्याला कारण आहे. आमच्या घरांत कित्येक पिढ्या मासा कोणी पाहिला असेल तर तो दशावताराच्या तसबिरीत. तिथे तो किरीट घालून हसत असतो. खरा मासा दिवसभर काय करतो, याची चौकशी करायची वेळ आमच्यावर कधी आलीच नाही.

माझ्यावर ती पोटापाण्यासाठी आली. मी शाळेत प्राणिशास्त्र शिकवत असे. निवृत्त झाल्यावरही मुलांना शिकवायची खोड जाईना, म्हणून रविवारी दहाबारा मुले घेऊन मी याच ओढ्यावर येऊ लागलो. एका तळ्यातून निघून अड्यार नदीकडे जाणारा हा गोड्या पाण्याचा ओढा. त्यात कोणते मासे आहेत, किती आहेत, आणि कशा जागी राहतात, हे आम्ही पाहत असू. मुले हातजाळ्याने मासे धरत, पांढऱ्या ट्रेमध्ये ओळखत, मोजत आणि लगेच सोडून देत. पाण्याची खोली, तळाशी वाळू की चिखल, काठावर सावली किती, हेही पाहायचे. सोबतीला सावनी असे. ही रत्नागिरीकडची मुलगी मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर आहे. आमच्या मंडळींत जिवंत मासा न घाबरता हातात धरणारी पहिली तीच.

पहिल्या वर्षी आम्हाला त्या जागी मरळ सापडली, पट्ट्यांचे बोटभर मासे सापडले, काचेसारखे पारदर्शक मासे सापडले. मग स्वामी आले. त्यांच्या सेवेकऱ्यांनी ओढ्यात वाळूच्या पोत्यांचा बांध घातला आणि अडलेल्या पाण्याला ‘मत्स्यतीर्थ’ नाव दिले. त्यानंतरच्या पाहणीत वरच्या अंगाला, वाहत्या पाण्यात, सगळे पूर्वीसारखेच होते. तीर्थात मात्र एकच जात उरली होती: इथल्या बाजारात ज्याला जिलेबी म्हणतात तो परदेशी मासा. तो अतिशय चिवट असतो. बाकीचे बहुधा आधीच वैकुंठाला गेले होते.

एवढ्यावर मी गप्प बसलोही असतो. पण रंजनी आमच्यात यायची बंद झाली.

रंजनी म्हणजे माझ्या भाचीची, विद्यालक्ष्मीची मुलगी. वय दहा. तिला दमा आहे. रोज सकाळ-संध्याकाळ इन्हेलर घेतला की ही पोर जाळे घेऊन सगळ्यांच्या पुढे धावते. दोन रविवार ती आली नाही म्हणून मी घरी गेलो, तर ती उशांना टेकून बसली होती आणि वाक्याच्या मध्ये थांबून श्वास घेत होती. इन्हेलर कपाटात ठेवून कुलूप घातले होते. स्वामींनी एक मंडल, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवसांचे व्रत सांगितले होते: पहाटे तीर्थावर जायचे, माशांना दूध घालायचे, ओंजळभर तीर्थ प्यायचे आणि यंत्राची हवा वर्ज्य करायची.

विद्यालक्ष्मी बँकेत काम करते. ती अडाणी नाही. पण इमारतीतल्या बायकांनी तिला सांगून ठेवले होते की इन्हेलरची सवय लागते, मुलगी जन्मभर अधू राहते, पुढे लग्नाला अडचण येते. अशा घाबरलेल्या आईला स्वामींनी एकच प्रश्न विचारला होता: या मत्स्यांना श्वासासाठी यंत्र लागतं का?

मी डॉक्टरांकडे चल म्हणालो. मग ते तीर्थ पिण्यासारखे नाही, हे सांगितले.

“मामा, तुम्हीं मासे मोजा,” ती शांतपणे म्हणाली. “माझ्या लेकराचं मी बघतें. स्वामी बोलावतात आणि मासे येतात, हें तुम्हींही पाहिलांत कीं नाहीं?”

पाहिले होते. नाही कसे म्हणू?

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि सावनी पाणी तपासायची पेटी घेऊन तीर्थावर गेलो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू पाहायची एक सोपी रीत आहे. बाटलीत पाणी भरून दोन औषधांचे थेंब टाकायचे. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. वरच्या वाहत्या पाण्याची बाटली झाली चहासारखी. तीर्थाची झाली शुभ्र.

स्वामींचे व्यवस्थापक राघोत्तम, हे आमच्याच गल्लीतले निवृत्त कारकून, बाटल्या निरखत उभे होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी भक्तांना वळून सांगितले की विज्ञानानेही सिद्ध झाले, तीर्थ सात्त्विक आहे, रंगच पाहा. लोकांनी त्या बाटलीला नमस्कार केला. एकाने तिचा फोटो काढला. रसायनशास्त्राने आमची बाजू सोडली होती.

त्याच वेळी रांगेत विद्यालक्ष्मी दिसली. रंजनीला तिने काठावरच्या दगडावर बसवले होते. पोर गुडघ्यांवर हात टेकून, खांदे वर ओढून माशांकडे पाहत होती. मी जवळ गेलो. इथल्या सगळ्या मुलांसारखी तीही मला ताता, म्हणजे आजोबा, म्हणते.

“ताता, ते जप नाहीत करत,” ती म्हणाली. मग थांबली, श्वास घेतला. “त्यांना श्वास पुरत नाहीये. मला रात्री होतं ना, तस्संच.”

विद्यालक्ष्मीने तिला गप्प केले. देवाच्या दारात असे बोलू नये म्हणाली. पण मला जे दोन वर्षांच्या पाहणीवरून आणि दोन बाटल्यांवरून कळले होते, ते या मुलीला स्वतःच्या छातीवरून कळले होते. आता तिच्या आईला कळायला हवे होते, आणि मंडल संपेपर्यंत वाट पाहण्याएवढा वेळ त्या पोरीकडे दिसत नव्हता.

पुढच्या पहाटे सावनीने दोन मोठे पारदर्शक डबे आणि माशांच्या टाकीत लावतात तो बॅटरीचा हवेचा पंप आणला. मी स्वामींना नमस्कार करून सगळ्यांसमोर विनंती केली. काठावरून मुलांना नीट दिसत नाही. दोन्ही डब्यांत तीर्थच भरू, तीर्थातलेच मासे सोडू. एकात हा पंप लावू. मंत्र आपलाच. मुलांना जवळून दर्शन घडेल.

नाही म्हणायला सोय नव्हती. समोर शंभर फोन रोखलेले. स्वामींनी आधी पंपात काही औषध तर नाही ना, अशी शंका काढली. मी पंप त्यांच्या हातात दिला. त्यांनी नळी एका टोकाने फुंकून पाहिली, टोकाचा सच्छिद्र दगड अंगठ्याने झटक्यात काढला, पुसला आणि पुन्हा बसवला.

“स्वामी,” सावनीने अगदी भाबडेपणाने विचारले, “मला हे बसवायला काल अर्धा तास लागला. तुम्हाला कसं हो लगेच जमलं?”

दिव्यदृष्टी, असे उत्तर आले. रात्रपाळीच्या बसमधले दोघेतिघे हसले.

पंप सुरू झाला. सूर्य अजून झाडांमागे होता. स्वामींनी हात वर केले, हाळी दिली. पंप नसलेल्या डब्यातले मासे तोंडे वर करून उभेच होते. त्यांचा जप हाळीच्या आधीपासून चालू होता. पंपाच्या डब्यातले मासेही आधी वरच होते. मग एकेक करून ते खाली उतरले, कल्ले हलवत तळाशी फिरू लागले. स्वामींनी पुन्हा हाळी दिली, आणखी मोठ्याने दिली. एक मासा वळला आणि त्याने शांतपणे त्यांच्याकडे शेपूट केली.

बुडबुड्यांच्या आवाजात मंत्र ऐकू जात नाही, स्वामी म्हणाले. रास्त आहे म्हणून मी पंप काढून घेतला. डबा निःशब्द झाला. स्वामींनी मंत्र म्हटला. मासे तळाशीच.

मग ते म्हणाले की या डब्यात नेमके नास्तिक मासे आले आहेत.

हेही तपासता येण्यासारखे होते. सावनीने ओल्या हातांनी मासे बदलले. यातले त्यात, त्यातले यात. बघता बघता नास्तिक मासे पंप न लावलेल्या पाण्यात वर येऊन जप करू लागले, आणि भाविक मासे हवा मिळालेल्या पाण्यात खाली जाऊन आपापल्या कामाला लागले. आता कोणी हसले नाही. रांगेतली एक बाई हातातल्या दुधाच्या पिशवीकडे बघत राहिली.

राघोत्तम डब्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी मला हळूच विचारले की मग हे तोंड का उघडतात. मी त्यांना सांगितले, ते तुम्हालाही सांगतो. बांधाने पाणी अडले. त्यात रोज दूध, केळी, फुले पडली आणि कुजली. कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू खातात. पाण्यातले शेवाळे दिवसा उन्हात प्राणवायू सोडते, पण रात्री तेही तो घेऊ लागते. म्हणून पहाटे पाण्यात जवळजवळ काही उरत नाही. फक्त अगदी वरच्या थरात, हवेला लागून, थोडा असतो. मासे तिथे तोंड लावून जीव वाचवतात. ऊन चढले की शेवाळे पुन्हा कामाला लागते आणि मासे खाली जातात. दर्शनाची वेळ पहाटेची का, हे आता कळले असेल. आणि भक्त जितके जास्त दूध ओततील, तितका जप वाढणार. पुढे समजले की संन्यासाआधी स्वामींचा शोभेच्या माशांचा धंदा होता. मासा केव्हा वर येतो, हे त्या काठावर त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

विद्यालक्ष्मी माझे काही ऐकत नव्हती. ती डब्याकडे बघत होती, मग रंजनीकडे, मग पुन्हा डब्याकडे. पोरीच्या गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. माशाचे तोंड उघडत होते, खळी आत जात होती.

“किती दिवस बघत होतें मी हें,” ती म्हणाली. “आणि हात जोडत होतें.”

सावनीने गाडी काढली. आम्ही तडक डॉक्टरांकडे गेलो. नेब्युलायझरचा मास्क चढवल्यावर थोड्या वेळाने रंजनीचे खांदे खाली आले. डॉक्टरांनी विद्यालक्ष्मीला समजावले की या इन्हेलरची सवय लागत नाही. डोळ्यांना चष्मा लागतो, तसा काही फुप्फुसांना तो लागतो. ती एवढेच म्हणाली की हे मला आधी विचारायला हवे होते.

रात्रपाळीच्या पोरांनी त्याच आठवड्यात पोती ओढून काढली. पाणी वाहू लागले. स्वामींचे तप इथे पूर्ण झाले आणि ते दुसरीकडे गेले. कुठे, ते माहीत नाही, पण तिथे साचलेले पाणी असणार. काही भाविक अजून पहाटे येतात आणि मासे दिसत नाहीत म्हणून हळहळतात. त्यांना सांगावे लागते की देव रुसलेला नाही. निरोगी मासा दर्शन द्यायला वर येत नाही. त्याला खाली बरीच कामे असतात.

मुलांनो, आणि मुलांच्या आयांनो, नवस बोलायचा तर बोला. तो तुमचा आणि देवाचा प्रश्न आहे. पण नवसासाठी औषध बंद करू नका. कोणी चमत्कार दाखवला तर त्याला नम्रपणे विचारा: हेच दुपारी दाखवाल का? मंत्र न म्हणता होते का, ते बघू द्याल का? जे खरे आहे ते अशा प्रश्नांनी बिघडत नाही. आणि एखादा जीव समोर तोंड उघडमीट करताना दिसला, तर तो कोणाचे नाव घेतो आहे, ते सावकाश ठरवू. त्याला श्वास घेता येतो आहे ना, ते आधी पाहा.