खिडकीच्या फटीतला रूळ

मित्रांनो, मी एक जुना रूळ आहे. माझ्यावरून गाडी कधीच धावली नाही. धावल्या त्या ऑलिव्हच्या बिया. माझी लांबी बोटभर, आणि सध्या माझा मुक्काम स्फाक्स शहरातल्या एका खिडकीच्या फटीत आहे. इथे मी कसा आलो ते सांगतो. सांगताना आवाज चढला तर सांभाळून घ्या, कारण मी जन्माचाच तिखट आहे.

मी मूळचा हरिसाच्या डब्याचा पत्रा. लाल मिरचीच्या त्या चटणीशिवाय आमच्याकडे कुणाच्या घशाखाली पाव उतरत नाही. सालिहाबाईंनी डबा रिकामा केला आणि त्यांचे यजमान तिजानी यांनी तो कात्रीने कापला. तिजानी रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. त्यांनी माझ्या पट्ट्या पाडल्या, कुणाचं बोट कापू नये म्हणून कडा कानशीने घासल्या आणि वर काळा रंग दिला. अशा रीतीने आम्ही भावंडं रूळ झालो. मी मधला, जिथे चारी दिशांचे रूळ येऊन मिळतात तो.

आम्हाला एका जुन्या कपाटाच्या निखळलेल्या दारावर बसवलं; तीच आमची खेळाची फळी. त्या दारावर चौकटी आखून तीन देश रंगवले होते. शिवणकाम करणाऱ्या शेजारीण वसीलाबाईंनी गावांसाठी बटणं दिली. शिपाई म्हणजे रंगवलेल्या ऑलिव्हच्या बिया. निळ्या तिजानींच्या, पांढऱ्या वसीलाबाईंच्या, आणि लाल मबरूकच्या. मबरूक म्हणजे सालिहाबाईंचा धाकटा भाऊ. मासळीबाजारात लिलाव पुकारायचा, त्यामुळे घरातही हळू बोलणं त्याला ठाऊक नव्हतं.

खेळ सोपा होता. ज्याची पाळी, त्याने आपल्या बिया हलवायच्या. साध्या जमिनीवर बी एकच घर चालते. रुळावर मात्र एका पाळीत वाटेल तितकी लांब जाते. दुसऱ्याच्या रुळावर त्याने वाट दिल्याशिवाय चढता येत नाही. रिकाम्या गावात शत्रूची बी शिरली की गाव तिचं. कुणा एकाची सगळी गावं गेली की खेळ संपला, आणि ती घेणारा जिंकला.

आता माझी किंमत लक्षात घ्या. तिजानींच्या देशाला पाच गावं आणि शिपाई तीनच. दुसरा कुणी असता तर रडकुंडीला आला असता. तिजानी मात्र तिन्ही शिपाई माझ्यावर, मधोमध बसवून ठेवत. कुठल्याही सीमेवर लाल किंवा पांढरी बी दिसली की आपल्या पाळीला एक शिपाई माझ्यावरून सुटे आणि थेट त्या गावात हजर होई. ते मला बाहीने पुसत आणि म्हणत, "हा आहे तोवर मला तटबंदी कशाला हवी?" मी फुलून जात असे. खोटं कशाला बोलू?

मग सालिहाबाई गेल्या. घर एकदम मोठं झालं. आठवडाभर तिजानी भिंतींशी बोलत, आणि शुक्रवारी रव्याचा वाफवलेला कुसकुस खाऊन झाल्यावर वसीलाबाई आणि मबरूक खेळायला येत तेव्हा कुठे माणसांशी. रिवाज असा होता की ईदनंतरचा मोठा डाव जो जिंकेल, त्याच्या घरी वर्षभर फळी राहायची, आणि जिथे फळी तिथेच शुक्रवार. दरवर्षी तिजानीच जिंकत. दरवर्षी त्यांचं घर भरलेलं राही. हे मबरूकला चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर मला त्याचा राग येतो.

त्या ईदला वसीलाबाई जोरात होत्या. त्यांच्या पांढऱ्या बिया डोंगरातून खाली सरकत होत्या. मबरूक खुर्ची ओढून तिजानींच्या शेजारी बसला.

"दाजी, ही बाई आपल्या दोघांनाही गिळणार. मला तुमच्या रुळावरून वाट द्या. मागून जाऊन गाठतो तिला."

तिजानींनी माझ्याकडे पाहिलं. मबरूकने पावाचा तुकडा मोडला, मिठात बुडवला, अर्धा स्वतः खाल्ला आणि अर्धा पुढे केला.

"घ्या. पाव आणि मीठ. आता तरी विश्वास ठेवा."

आमच्याकडे पाव-मीठ खाऊन दिलेला शब्द कुणी थट्टेतही मोडत नाही. तिजानींनी तुकडा तोंडात टाकला. मबरूकने आपल्या पाच लाल बिया आणून माझ्यावर, निळ्या शिपायांच्या शेजारी उभ्या केल्या.

पाळी तिजानींची आली. एका पाळीत आपला एक रूळ उचलून वाट बंद करता येते. वसीलाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो तिजानी, तो मधला रूळ उचला! रुळाला काय कळतंय वर कोण उभंय ते?"

"बाई, तुम्ही हेच म्हणणार. चाल तुमच्यावर आहे ना!" मबरूक हसला.

"मी हरले तर हरले. पण पाच बिया कशाला लागतात हो एका बाईला गाठायला?"

"मीठ खाल्लंय आम्ही," तिजानी म्हणाले. त्यांनी मला हात लावला नाही. पाळी तशीच सोडून दिली.

मित्रांनो, पुढचं सांगायला मला अजून जड जातं. मबरूकने पहिली लाल बी उचलली आणि ती डोंगराकडे न्यायच्या ऐवजी माझ्यावरून सरळ समुद्रकाठच्या निळ्या गावात नेऊन ठेवली. मग दुसरी, दुसऱ्या गावात. मग उरलेल्या तिन्ही. पाचही गावं रिकामी होती, कारण राखणारे सगळे माझ्यावर बसले होते. ज्या पाठीवर तिजानींनी देश सोपवला, तिच्यावरूनच तो लुटला गेला. मला थांबवता आलं नाही. रुळाला थांबता येत नाही.

"हे काय केलंस?" तिजानी म्हणाले.

"खेळ आहे, दाजी! खेळात कसलं आलंय मीठ?"

"मग तोंडात कशाला घातलंस?"

"किती वर्षं मीच तुमचा जिना चढू?" असं काहीतरी पुटपुटत मबरूकने फळी काखोटीला मारली.

त्याच्या घरी त्याने शुक्रवारी मोठी मासळी आणली, कुसकुस केला, फळी मांडली. तिजानींनी गुडघे दुखत असल्याचा निरोप पाठवला. वसीलाबाईंनी लग्नाचे कपडे शिवायचे असल्याचा. पुढच्या शुक्रवारीही तेच. मबरूक तिन्ही देश एकटाच खेळू लागला. पण स्वतःलाच फसवण्यात कसली मजा? शेवटी तो कंटाळला आणि फळी घेऊन जिना चढला.

तिजानींनी दार उघडलं. "चढून आलास, तर बस. चहा टाकतो."

बदाम घातलेला चहा झाला. वसीलाबाई आल्या. मला वाटलं, सुटलो, घरी आलो. तेवढ्यात तिजानींनी नखाने मला फळीवरून उपटलं.

"ये, खेळ, जेव. पण तुझ्या-माझ्यात आता रूळ नाही."

त्या दिवशी वाळवंटाकडचा गरम वारा सुटला होता आणि खिडकी खडखडत होती. त्यांनी मला फटीत ठोकून बसवलं.

तेव्हापासून मी इथेच आहे आणि दर शुक्रवारी पाहतो. तीन शिपाई तीन गावांत बसतात, दोन गावं उघडी पडतात. मदत एकेक घर चालत पोहोचेपर्यंत गाव गेलेलं असतं. वसीलाबाई जिंकतात. तिजानींना कारण कळतं. मधूनच ते खिडकीकडे बघतात आणि नजर वळवतात. मबरूकला चहा मिळाला, खुर्ची मिळाली. ज्याने मीठ खाऊन दगा दिला तो आत, आणि ज्याने आयुष्यभर निमूट पाठ दिली तो फटीत! मबरूकने दगा दिला त्याहून मला हे जास्त लागलं.

माझी एक कड गंजू लागली आहे. रूळ वापरात असला की चकाकतो. पडून राहिला की गंज त्याला खातो. म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. वाट देताना माणूस नीट पारखून घ्या. पण फसलात, तर जाब त्या माणसाला विचारा. वाटेला शिक्षा करू नका.

परवाच्या शुक्रवारी मबरूक खिडकीपाशी बसला होता. त्याचं बोट मला लागलं. तो चक्क हळू आवाजात म्हणाला, "दाजी, हा इथे आहे होय? लावा ना परत."

तिजानींनी मान वर केली नाही.

"राहू दे. काढलास तर खिडकी वाजेल."

त्या दिवशी वारा अजिबात नव्हता.